पूर्वेच्या उतरणीचं वय

सेंदाई,
२० सप्टेंबर १९९२

ती. चंद्रहासमामा,

साष्टांग नमस्कार वगैरे आईनं शिकवल्याप्रमाणे रीतसर केलाय असं समजा, कारण बातमी पोटात राहत नाहीये. माझी पूर्वेची उतरण फत्ते झाली!

तीन आठवडे डोंगरात होते, अंगाला अजून डिंकाचा वास येतोय. कामिनोसावा म्हणून गाव आहे, इथून बसनं अर्धा दिवस. गाव कसलं, चौदा घरं. त्याच्या वर, डोंगराच्या पूर्वेच्या उतरणीवर ओशिराबिसोचं रान आहे. सरळसोट, काळपट हिरवी, सुईसारख्या पानांची झाडं. थंडीत बर्फ त्यांना असा लिंपतो की प्रत्येक झाडाचा पांढरा राक्षस होतो. हे रान तिथे कधीपासून आहे आणि त्याच्या आधी तिथे काय होतं, हा माझ्या प्रबंधाचा विषय. माझे हमीदार म्हणून विद्यापीठाच्या कागदावर शिक्का मारताना तुम्ही विचारलं होतंत ना, "झाडांना त्यांचं वय विचारून तुला काय करायचंय?" तर हे करायचंय.

रीत सोपी आहे. पोकळ गिरमिट खोडात फिरवत गाभ्यापर्यंत न्यायचं आणि आतून पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी ओढून काढायची. झाड मरत नाही, जखम भरते. कांडीवर एका वर्षाचं एक वलय. ती भिंगाखाली मोजली की झाड कोणत्या साली उगवलं ते कळतं.

मी राहते त्सुरुको-सानच्या मिन्शुकुत. घरातच चार खोल्या काढून पाहुणे ठेवतात. नवरा गेलाय, मुलगा ओसाकात, त्यामुळे मला लेकीसारखं वागवतात. माझे ओले बूट रोज संध्याकाळी स्टोव्हपाशी उलटे ठेवलेले असतात. त्या म्हणतात की हे रान यामा-नो-कामीचं, म्हणजे डोंगरदेवाचं. गावाचा नियमच आहे: आजोबांच्या आजोबांनी जे रान उभं पाहिलं ते देवाचं, त्याला करवत लावायची नाही. त्यानंतर उगवलं ते गावाचं, तोडा नाहीतर विका.

तर मामा, देवाचं रान जेमतेम पंच्याऐंशी वर्षांचं निघालं! सगळी झाडं दोन-चार वर्षं इकडेतिकडे. म्हणजे १९०७च्या सुमाराला तिथे उघडा माळ असणार, गवत आणि सासा नावाचा बुटका बांबू. घोडे चरत असतील. मग कधीतरी चराई थांबली आणि रान वर चढलं.

माझे गाइड हागिवारा-सेन्सेई मात्र कुरकुरले. मी कांड्या छातीच्या उंचीवर काढल्या, ते म्हणतात जमिनीलगत काढ. आता बुंधे बर्फाच्या भारानं वाकलेले, भोवती सासाचं जाळं, गिरमिटाची मूठ फिरत नाही. आणि छातीएवढं व्हायला झाडाला लागतात किती, पाच-सात वर्षं? तेवढी मिळवली की झालं. म्हातारी माणसं उगाच शंका काढतात. (तुम्ही सोडून.)

योशिकोमामींना नमस्कार, केनला पापा.

तुमची
जयंती

योकोहामा,
४ ऑक्टोबर १९९२

चि. जयंती,

अनेक आशीर्वाद. म्हाताऱ्यांत धरलं नाहीस म्हणून एक जास्तीचा.

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर मोठ्यानं वाचलं. योशिकोला जपानीत सांगितलं. केननं एकच शब्द काढला, "उसो!" म्हणजे "खोटं!" घाबरू नकोस, त्याच्या वयाची मुलं कौतुक असंच करतात. मी मराठीत विचारतो, तो जपानीत उत्तर देतो, असा आमचा संसार.

तुझ्या आईला कळवलंय की मावसबहिणीची लेक असावी तर अशी. मी सव्वीस वर्षांपूर्वी या बंदरात उतरलो तेव्हा माझं काम दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे नेणं हे होतं, आणि अजून तेच आहे. तू स्वतःचं काहीतरी सांगते आहेस.

आमच्या ऑफिसात हल्ली स्कीच्या जागा आखायची कामं फार. त्यामुळे डोंगर म्हटलं की माझेही कान टवकारतात. ही उतरण गावाच्या नेमकी कुठल्या अंगाला? ते देवाचं आणि गावाचं प्रकरण खरोखर पाळतात, की नुसतं बोलायला? आणि एक कर. तुझा निष्कर्ष इंग्रजीत अर्ध्या पानात लिहून पाठव. केनला शाळेत दाखवायचाय.

तुझा
चंद्रहासमामा

सेंदाई,
१९ ऑक्टोबर १९९२

ती. मामा,

अर्धं पान सोबत. हाताशी प्रयोगशाळेच्या नावाचे छापील कागद होते, त्यावरच टाइप केलंय. केनच्या बाईंवर छाप पडेल. "बहुधा" आणि "अंदाजे" हे शब्द मुद्दाम गाळलेत, शाळेतल्या मुलांना ते कंटाळवाणे वाटतात.

आणि हो, पाळतात! हसू नका, त्यावरच सध्या गाव अडलंय. एका स्की कंपनीला नेमकी तीच उतरण हवी आहे. जमीन गावाच्या सामाईक मालकीची. देण्याचा निर्णय सभेत, हात वर करून, आणि चौदाच्या चौदा घरांचा हात वर झाला पाहिजे. एक जरी खाली राहिला तरी नाही. त्सुरुको-सानचा खाली आहे. "देवाचं रान आहे, माझं असतं तर दिलं असतं," एवढंच म्हणतात.

माझा आकडा मी गावात सांगितलेला नाही. जरा चोरट्यासारखं वाटतं, त्यांच्या ताटात जेवून. पण प्रबंध पुरा होईपर्यंत गप्पच बरं. ते रान मला आवडतं, मामा. ते पंच्याऐंशीचं असो की पाचशेचं.

जयंती

सेंदाई,
६ जून १९९३

मामा,

नमस्कार करण्याच्या मनःस्थितीत मी नाही.

बर्फ वितळल्यावर परवा कामिनोसावाला गेले होते. पूर्वेची उतरण नाही. म्हणजे उतरण आहे, रान नाही. मार्चमध्ये बर्फ घट्ट असताना तोडलं आणि ओंडके बर्फावरूनच घसरवत खाली नेले. इथे तशी पद्धत आहे. माणसं दोन मीटर बर्फावर उभी राहून कापत होती, त्यामुळे बर्फ गेल्यावर बुडखे माझ्या डोक्याएवढे उंच उभे आहेत. उतरणभर खांबच खांब. काही बुडखे कामगार आता जमिनीसपाट करताहेत.

गावाच्या सभागृहात फळ्यावर जानेवारीच्या सभेचे कागद अजून टाचलेले आहेत. त्यांत माझं अर्धं पान आहे. आमच्या प्रयोगशाळेचं नाव, खाली माझी सही, शेजारी जपानी भाषांतर. भाषांतर उत्तम आहे, मामा. इतकं चांगलं जपानी आणि इतकं चांगलं इंग्रजी दोन्ही येणारी माणसं मला फार माहीत नाहीत.

तो कागद मी जगात एकाच माणसाला पाठवला होता. केनच्या शाळेसाठी.

त्सुरुको-साननी नेहमीसारखं जेवायला वाढलं. बूटही स्टोव्हपाशी ठेवले. शेवटी त्यांनीही हात वर केला होता. का, ते विचारायचा मला धीर झाला नाही. त्यांनी फळ्यावरची माझी सही पाहिलेली असणार, आणि तरी मला पुन्हा भात वाढला.

मला सरळ उत्तर हवंय.

जयंती

योकोहामा,
१३ जून १९९३

चि. जयंती,

सरळ उत्तर: होय, मी दिला.

आमचं ऑफिस त्याच स्की कंपनीसाठी आखणी करत होतं. तुझ्या पहिल्या पत्रात गावाचं नाव वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. केनच्या शाळेचं मी खोटं लिहिलं.

ऑफिसात गावाच्या नकाराचा विषय दर आठवड्याला निघायचा. मी टेबलाच्या टोकाला बसून टिपणं घेणारा. एक दिवस आमचे विभागप्रमुख कुराता-सान म्हणाले, "त्या रानाचं वय कुणाला माहीत असतं तर!" आणि मी म्हणालो, "मला माहीत आहे." जयंती, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा टेबलाभोवतीची सगळी माणसं माझ्याकडे वळली. संध्याकाळी मला पहिला पेला भरून दिला. भाषांतर मी त्याच आठवड्यात केलं. त्सुरुको-सानचा हात खाली असल्याचं तुझं पत्र त्या कागदासोबतच आलं होतं. म्हणजे मी काय करतोय ते मला नीट माहीत होतं.

योशिकोला काल सांगितलं. ती बोलत नाही.

एक मात्र म्हणतो, रागावू नकोस. कागदात लिहिलेलं खरं होतं. रान पंच्याऐंशी वर्षांचं होतं, गावाच्या नियमानं ते गावाचंच होतं. मी कागद चोरून नेला, पण खोटा नेला नाही. या एका गोष्टीला धरून मी झोपतो. तेवढी मला राहू दे.

मामा

सेंदाई,
२२ ऑगस्ट १९९३

ती. मामा,

तुमच्या पत्राला दोन महिने उत्तर दिलं नाही. पहिला महिना रागात गेला. उत्तर लिहूनही ठेवलं होतं, फार चांगलं, एकेक शब्द लागेल असं. ते फाडलं.

मी बुडख्यांवरून जमिनीलगतच्या चकत्या कापून आणल्या. सेन्सेईंनी सांगितलेलंच काम, आता करायला काहीच अडचण नव्हती. वाकायचीसुद्धा गरज नाही, कामगार कापून हातात देत होते. इथे आणून पॉलिशपेपरनं घासल्या आणि मोजायला बसले.

मामा, पंच्याऐंशी नाही. छातीच्या उंचीवर पंच्याऐंशी. जमिनीलगत त्याच झाडांची वयं एकशे साठ, एकशे नव्वद, एक तर दोनशेच्या वर. मी पाच-सातच वर्षं मिळवायची म्हणत होते.

झालं असं. जुन्या झाडांच्या सावलीत लहान रोपं उगवली आणि तिथेच अडून राहिली. वर उजेड नाही, हिवाळाभर पाठीवर बर्फ. शंभर वर्षांत गुडघ्याएवढी झाली. त्या वर्षांची वलयं इतकी दाट आहेत की भिंगाखालीही एकमेकांत मिसळतात. मग १८९५च्या आसपास बहुधा वादळ झालं, जुनी झाडं पडली, उजेड आला, आणि ही सगळी एकदम उठली. दहा-बारा वर्षांत छातीएवढी झाली. मी तिथे गिरमिट लावलं आणि ती १९०७ला जन्मली असं म्हटलं. माळ नव्हता, घोडे नव्हते. ज्या रानाला मी नवं म्हटलं ते तिथेच होतं, सासाखाली. आजोबांच्या आजोबांनी पाहिलेलं रान होतं ते. त्सुरुको-सानच्या नियमानं देवाचंच.

तुम्ही म्हणालात, कागद खोटा नव्हता एवढंच धरून झोपता. ते काढून घेताना मला बरं वाटत नाहीये, पण कागद खोटा होता. तो खोटेपणा माझा. "बहुधा" मी गाळलं होतं.

आणि सर्वांत वाईट अजून सांगितलं नाही. सेन्सेई खूश आहेत. उभ्या रानात अशा चकत्या कुणालाही मिळाल्या नसत्या, कुणी तोडूच दिलं नसतं. ते म्हणतात, प्रबंध आता उत्तम होईल. खरंच होईल. मला मोजताना आनंदसुद्धा झाला, मामा, वलयं अचानक रुंद होतात ती जागा सापडली तेव्हा मी हातानं टेबल थोपटलं. मग हात तसाच राहिला.

गावाला सांगू का? सांगून झाडं परत येणार नाहीत. तुम्ही मोठे आहात, तुम्ही सांगा.

जयंती

योकोहामा,
१७ ऑक्टोबर १९९३

चि. जयंती,

तुझं पत्र खिशात घेऊन बरेच दिवस ऑफिसला गेलो.

आधी बातमी. स्की कंपनी बसली. इथे हल्ली रोज कुणी ना कुणी बसतंय. जमिनीचे भाव उतरले, बँकेनं हात काढून घेतला. कामिनोसावाला आता ना रस्ता होणार ना माणसांना डोंगरावर नेणारे पाळणे. तोडलेली उतरण तशीच पडून राहणार. कुराता-साननी ही बातमी सभेत एका वाक्यात सांगितली आणि पुढचा विषय घेतला. मी तेही वाक्य टिपून घेतलं.

म्हणजे कशासाठी म्हणून काही उरलंच नाही.

तू विचारतेस सांगू का. सांगायलाच हवं. पत्रानं नाही, फोननं नाही. इथे चूक झाली की माणूस मिठाईचा खोका घेऊन दाराशी जातो, वाकतो आणि तोंडानं बोलतो. योशिको चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली ती हेच: "तोंड दाखवून ये." तू एकटीनं जायचं नाही. आकडा तुझा असला तरी तो तिथवर नेणारा मी आहे.

१४ नोव्हेंबर, रविवार. सकाळच्या शिनकान्सेन गाडीनं सेंदाईला पोचतो. तू तिकिटाच्या दारापाशी थांब, तिथून बसनं बरोबर जाऊ. खोका मी इथून आणतो. आधी मी बोलेन.

मामा

सेंदाई,
१८ नोव्हेंबर १९९३

ती. मामा,

रविवारी तुमची गाडी आली, गेली. पुढची आली, तीही गेली. तुमच्या घरी फोन केला तर मामी म्हणाल्या, "सकाळीच निघाले." मग मला काळजी वाटली. मग वाटेनाशी झाली. स्टेशनातल्याच दुकानात मिठाईचा खोका घेतला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची बस पकडली.

त्सुरुको-सान अंगणात मुळे टांगत होत्या, लोणच्यासाठी. मी दारातच गुडघे टेकले. "अगं, आत ये, थंडी आहे," म्हणाल्या. मी नाही उठले. सगळं सांगितलं. कागद माझा, तो माझ्या मामांनी कंपनीला दिला, आणि आकडा चुकीचा. रान दोनशे वर्षांचं होतं. मामा येणार होते, येऊ शकले नाहीत, असंही सांगितलं. का ते विचारलं नाही त्यांनी.

बराच वेळ त्या मुळ्याची दोरी बांधत राहिल्या. एकच गाठ, पुन्हा पुन्हा. मग म्हणाल्या, "कंपनीची माणसं तीनदा आली होती. तीनदा मी हात खाली ठेवला. चौथ्यांदा त्यांनी तुझा कागद वाचला. मला इंग्रजी येत नाही, आकडेही कळत नाहीत. पण सही पाहिली आणि म्हटलं, ही आमच्या जयंती-सानची. हिनं झाडाझाडाला हात लावून मोजलंय. मग मी हात वर केला. शेवटचा माझाच होता."

मामा, आपण समजत होतो की कंपनीनं त्यांना फसवलं. कंपनीवर त्यांचा विश्वास कधीच नव्हता.

मी रडायला लागले. त्यांनी मला उठवलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. म्हणाल्या, "आतापर्यंत मी समजत होते की गावाचं रान गावानं विकलं. आता तू सांगतेस की देवाचं रान मी विकलं. हे तू मला सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं."

आपण दोघांनी ठरवलं होतं की खरं सांगायचं. त्सुरुको-सानला ते हवंय का, हे आपल्यापैकी एकालाही सुचलं नाही. माझं ओझं हलकं झालं असेल तर ते त्यांच्या अंगणात ठेवून आले म्हणून.

संध्याकाळच्या बसला त्या मला सोडायला आल्या. वाटेत त्यांनी विचारलं, कापलेल्या झाडांच्या तळाशी आजही तशीच गुडघ्याएवढी रोपं आहेत, त्यांचं काय. मी म्हटलं, आता उजेड आहे, उठतील, पण सासा त्यांच्याही आधी उठेल आणि त्यांना बुडवेल. दर उन्हाळ्यात कुणी सासा कापत राहिलं, पुष्कळ वर्षं, तर काही वाचतील. त्या म्हणाल्या, "जूनमध्ये ये. माझ्या एकटीनं होणार नाही." माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. मिठाईचा खोका घेतला, पण उघडला नाही.

तुम्ही बरे आहात एवढं कळवा.

जयंती

योकोहामा,
२३ नोव्हेंबर १९९३

चि. जयंती,

बरा आहे.

मी सेंदाईला आलो होतो. सांगितलेल्याच गाडीनं. जिन्यावरून उतरताना तू दिसलीस, दाराच्या पलीकडे, तांबडी टोपी घालून. तू रागावलेली नव्हतीस. नुसती घड्याळाकडे आणि येणाऱ्या माणसांकडे बघत होतीस, एखाद्याची वाट बघावी तशी. मी खांबाआड उभा राहिलो. पाठोपाठची गाडी येऊन तिची माणसं बाहेर पडली तरी तू हलली नाहीस. मग मी समोरच्या फलाटावर गेलो आणि परतीच्या गाडीत बसलो.

रात्र बाहेर काढून सोमवारी घरी गेलो; तुझा फोन गाडीच्या उशिरामुळे असेल असं समजून योशिकोला वाटलं मी जाऊन आलो. तिनं त्या रात्री मला वाढलं, केनची शाळा सांगितली, हसली. मी जेवलो. तुझं पत्र काल तिच्या हाती पडलं. तिला मराठी वाचता येत नाही, तिनं मला वाचून दाखवायला सांगितलं. मी सगळं वाचलं, माझं न येणंही. माझ्या आयुष्यातलं पहिलं भाषांतर, ज्यात मी माझ्या सोयीचं काही बदललं नाही.

त्सुरुको-सानना माझ्याकडून काही सांगू नकोस. निरोप पाठवण्यात मी फार तरबेज आहे. जूनमध्ये त्यांच्या दाराशी मी स्वतः येईन, मग विळा देवोत की दार लावून घेवोत. आणि तेव्हाही आलो नाही, तर जयंती, मला पुन्हा पत्र लिहू नकोस.

मामा